बाग सगळ्यांची, म्हणून आपलीही

(पूर्णा येथे तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 



संयोजकांनी फोन करून विचारलं, "करिअरवर बोलणार की समाजावर?" मी म्हटलं, "बागेवर बोलतो." पलीकडे थोडा वेळ कुणी काही बोललंच नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, याच गावात वाढलोय, तेव्हा कोडिंग, इंटरव्ह्यू, पॅकेज यावर बोलेन अशी अपेक्षा रास्तच होती. ते प्रश्न नंतर चहाच्या वेळी विचारा, मी थांबणार आहे. पण माइकवरून मला बागेबद्दलच बोलायचंय.

आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच द्या. संध्याकाळी पाच वाजता तुमची अम्मी किंवा बहीण काही काम नसताना, एक रुपया खर्च न करता, कुणाला कारण न सांगता अर्धा तास कुठे बसू शकते? घरात नाही, घराबाहेर.

मुलांना उत्तर सोपं आहे. स्टेशनवर बसता येतं, चहाची टपरी आहे, क्रिकेटचं मैदान आहे, मशिदीसमोरचा कट्टा आहे. मुलींनी विचार करून बघा. नातेवाइकांचं घर, दवाखाना, बाजार, लग्नाचा हॉल. यातल्या प्रत्येक ठिकाणी जायला कारण लागतं. कारण संपलं की परत फिरायचं. नुसतं बसायला म्हणून जागा नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं, ते मुंबईतल्या बायकांच्या याच प्रश्नावर आहे. बाईला रस्त्यावर 'उगीच' असण्याचा हक्क आहे का, असा तो प्रश्न. मुंबईत तो असेल, तर पूर्णेत किती मोठा असेल?

यंदा ईदनंतर आम्ही सगळे मुंबईला गेलो होतो. अम्मी, माझी मोठी बहीण, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. पूर्णेहून देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभराचा प्रवास, मग लोकलनं भायखळा. मुलीला पेंग्विन बघायचे होते. म्हणून राणीच्या बागेत गेलो.

राणीची बाग तुम्ही रीलमध्ये पाहिली असेल. तिची गोष्ट मात्र रीलमध्ये येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. ही बाग 19 नोव्हेंबर 1862 रोजी लोकांसाठी खुली झाली. राणी व्हिक्टोरियाच्या नावाची, म्हणून राणीची बाग. 1969 मध्ये तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव मिळालं. सुरुवातीला एका शेती-बागायती संस्थेकडे ती होती. ती संस्था मोडकळीला आल्यावर 1873 मध्ये पालिकेनं जबाबदारी घेतली. म्हणजे दीडशे वर्षं ही बाग शहराच्या करातून चालते आहे. शेजारचं संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी उघडलं. त्याच्या उभारणीसाठी डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी पुढाकार घेतला, शहरातून वर्गणी गोळा केली. 1975 पासून त्याला भाऊ दाजींचं नाव आहे. आवारातला घड्याळाचा मनोरा 1865 चा, बगदादहून आलेल्या ज्यू कुटुंबातल्या डेव्हिड ससून यांच्या पैशातून झालेला. हिंदू डॉक्टर, हिंदू शेठ, ज्यू व्यापारी, इंग्रज अधिकारी. एकाच आवारात इतक्या जणांचा हात.

इथे आपल्यातला कुणीतरी लगेच म्हणेल, "भाई, बागा तर आपण आणल्या." खरं आहे, निदान शब्द तरी आपल्याबरोबर आला. बाग हा शब्द फारसी आहे. बागायत, बागवान, गुलाब हेही फारसीतून आले. हौद, फवारा अरबीतले. आज कोणताही मराठी शेतकरी 'बागायत' म्हणतो तेव्हा तो परका शब्द वापरतोय असं त्याला वाटत नाही, आणि वाटूही नये. आपल्या मराठवाड्यात बीबी का मकबऱ्याची चारबाग आहे. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची हिमायतबाग आहे. तिथे आता आपल्याच परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र चालतं.

पण मी तुम्हाला विचारतो, त्या बागा 'आपल्या' होत्या का? बादशहाची बाग बादशहाची होती. तिला भिंत होती, दरवाजा होता, पहारेकरी होता. माझे पणजोबा त्या काळात तिथे गेले असते तर खुरपं हातात घेऊनच आत गेले असते. बागेचा मालक आपल्या धर्माचा होता म्हणून बाग आपली होत नाही. ज्या बागेत माझ्या अम्मीला कुणी "तू कोण?" असं विचारू शकत नाही, ती बाग आपली. त्या हिशेबानं मला हिमायतबागेच्या बादशाही दिवसांपेक्षा भायखळ्याची पालिकेची बाग जास्त आपली वाटते.

आता आमच्या त्या दिवसाबद्दल. ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, राणीच्या बागेत कोण नसतं? नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा ही सगळी वस्ती जवळच आहे. नव्या कपड्यातली लेकरं, मेंदीचे हात, अत्तराचा वास. त्याच गर्दीत सुट्टीवर आलेली कोकणातली, घाटावरची कुटुंबं, शाळेची सहल, कॉलेजची जोडपी. दारातून आत आल्यावर अम्मी जरा थबकली. म्हणाली, "इत्ती बड़ी बाग, अपने वास्ते है क्या?" माझी मुलगी म्हणाली, "दादी, तिकीट काढलंय ना."

मुलीनं पेंग्विन बघितले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हे हम्बोल्ट पेंग्विन 2016 मध्ये सोलहून आणले होते. वाघाच्या पिंजऱ्यापाशी मी सगळ्यांना सांगितलं की, 2020 मध्ये इथे शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आणली, ती औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून. मराठवाड्याचे म्हटल्यावर अम्मीला वाघांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. ऑफ्रिकेतली गोरखचिंच बघितली, बुंधा असा की आम्ही पाचही जणांनी हात धरले तरी कवेत मावणार नाही. संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती बघितला. घारापुरी बेटाला ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' नाव दिलं, तो हाच. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता. उचलताना त्याचे तुकडे झाले, आणि ते तुकडे पुढे जोडून तो इथे उभा केला.

पण मला सांगायच्यात त्या दोन वेगळ्याच गोष्टी.

पहिली. अम्मीचे गुडघे दुखायला लागले म्हणून ती एका बाकावर बसली. बाकावर आधीच एक आजी होत्या, नऊवारीतल्या. दोघींचं सुरू झालं. गुडघे, साखर, सुना, नातवंडं. थोड्या वेळानं त्या आजी म्हणाल्या, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" हे वाक्य इथल्या प्रत्येकानं ऐकलंय. कॉलेजात, बसमध्ये, ऑफिसात. आपण हसतो आणि गप्प बसतो, किंवा घरी येऊन चिडतो. अम्मी म्हणाली, "मंग काय बोलू? पूर्णेची हाय मी." आजी दोन सेकंद गप्प झाल्या. मग इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारची माणसं बघायला लागली. नंतर पाऊण तास दोघी तिथून उठल्या नाहीत. निघताना आजींनी अम्मीला गुडघ्याला लावायचं तेल सांगितलं, आणि अम्मीनं त्यांना शीरखुर्म्याची कृती सांगितली.

आता याच्याशेजारी दुसरं चित्र ठेवा. आपल्या छोट्या गावांत हिंदू आणि मुसलमान अधिकृतपणे एकत्र कधी बसतात? ईदच्या आधी आणि गणेशोत्सवाच्या आधी. कुठे? पोलीस ठाण्यात. शांतता समितीच्या बैठकीत. तिथे दोन्हीकडचे तेच ते पंधरा-वीस लोक असतात, बहुतेक सगळे पुरुष, आणि विषय एकच असतो, भांडण होऊ नये. ती बैठक हवी, मी तिची टिंगल करत नाही. पण विचार करा. आपण एकमेकांना फक्त भांडणाच्या भीतीनं भेटणार असू, तर ओळख कशाची होईल? गुडघेदुखीवर बोलायला पोलीस ठाण्यात कोण जातं? त्याला बाक लागतो. झाडाखालचा, फुकट, सगळ्यांचा.

दुसरी गोष्ट माझ्या बहिणीची. बाजी माझ्याहून मोठी आहे. लग्न, मुलं, सासर सगळं निभावलेली बाई. बुरखा घालते. ती म्हणाली, "तुम्ही बसा, मी एक चक्कर मारून येते." एकटी. माझ्या बायकोनं मला डोळ्यांनी खुणावलं, 'जाऊ दे.' पाऊण तासानं बाजी परत आली. मी विचारलं, "काय बघितलंस?" म्हणाली, "झाडं बघितली. पाट्या वाचल्या." मग जरा थांबून म्हणाली, "कोणी काही विचारलं नाही."

माझ्या मनातून ते वाक्य जात नाही. 'कोणी काही विचारलं नाही.' कुठे चाललीस, कुणाबरोबर आलीस, किती वाजता येणार. चाळिशीला आलेल्या बाईला पाऊण तास कुणी काही विचारलं नाही, याचं तिला एवढं अप्रूप वाटलं. विचारणारे आजवर कोण होते? बाहेरचेही होते, आणि घरातलेही. हे आपण इथे मोकळेपणानं बोललं पाहिजे. बाहेर आपल्याकडे संशयानं बघतात अशी आपली तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण आपल्याच बहिणींकडे आपण कसं बघतो? 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. त्या सात जणींना आधी घराचा उंबरा ओलांडावा लागला, मग रस्ता. दलवाईंचं सगळं पटो न पटो, त्या सात बायकांचं धाडस मान्य करावंच लागेल.

मित्रांनो, सार्वजनिक जागेचा हक्क आपल्याला कुणी सहज दिलेला नाही. त्यासाठी या महाराष्ट्रात लोकांनी मार खाल्लाय. 1923 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की, सरकारी पैशातून चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही सगळी ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. पण कागदावर. म्हणून 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले. त्या तळ्याचं पाणी मुसलमान पीत होते, ख्रिश्चन पीत होते, फक्त दलितांना बंदी होती. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली तेव्हा मंडपाला जागा कुणी देईना. ती जागा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी दिली. हे नाव आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं.

पुढे हा सगळा लढा संविधानात आला. अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात लिहिलंय की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा, तसंच सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या जागा यांच्या वापराला मज्जाव करता येणार नाही. 'लिंग' हा शब्द नीट ऐका. बाजीची ती पाऊण तासाची चक्कर संविधानात लिहिलेली आहे. तिला तिथे पोचायला चाळीस वर्षं लागली, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईचं ठीक आहे, पूर्णेचं काय? म्हणून राणीच्या बागेची अजून एक गोष्ट सांगतो. 2007 च्या सुमारास तिथे परदेशी धर्तीचं मोठं प्राणिसंग्रहालय करण्याची शेकडो कोटींची योजना आली. त्यात जुन्या झाडांचं काय होणार, हा प्रश्न काही नागरिकांनी विचारला. त्यात बायका पुढे होत्या. त्यांच्याकडे पक्ष नव्हता, पैसा नव्हता. त्यांनी काय केलं? झाडं मोजली. सुमारे तीन हजार झाडं, पावणेतीनशेहून जास्त जाती. ती यादी घेऊन त्या कार्यालयांत गेल्या, वारसा समितीपुढे गेल्या, पत्रं लिहिली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी ती योजना मूळ रूपात झाली नाही. इंजिनीअर म्हणून मला हे फार आवडतं. घोषणा नाही, डेटा. आधी मोजा, मग बोला.

दुसरा मुद्दा तिकिटाचा. 2017 पर्यंत मोठ्यांना पाच रुपये तिकीट होतं. पालिकेनं ते शंभर करायचं ठरवलं, लोकांनी आणि नगरसेवकांनी आरडाओरडा केला, तेव्हा पन्नासवर आलं. आई-वडील आणि दोन मुलांना मिळून शंभर. म्हणजे बागेचं दार फक्त पहारेकरी बंद करतो असं नाही, दरपत्रकही बंद करतं. मदनपुऱ्यातल्या शिलाई कामगाराला पाच आणि पन्नास यातला फरक कळतो. त्या सभेत बोलणारा कुणी नसता तर तिकीट शंभरच झालं असतं.

तर पूर्णेत आपण काय करू शकतो? चार गोष्टी सांगतो, चारही करण्यासारख्या आहेत.

पहिली, मोजा. 74 व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली, तिच्यात नगरपालिकेच्या कामांच्या यादीत बगीचे, उद्यानं आणि खेळाची मैदानं आहेत. आपल्या नगरपरिषदेच्या हद्दीत अशा जागा किती, कोणत्या वॉर्डात, त्यावर गेल्या पाच वर्षांत खर्च किती झाला? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. अर्ज साध्या मराठीत लिहा, भांडणाची भाषा नको.

दुसरी, विकास आराखडा बघा. त्यात बगीचा, क्रीडांगण अशी आरक्षणं टाकलेली असतात. पण नगररचना कायद्यात अशी तरतूद आहे की, दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. कुणाच्या लक्षातही येत नाही. बाग तोडावी लागत नाही, ती व्हायच्या आधीच जाते. नवा आराखडा येतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. त्या वेळी आपल्या मोहल्ल्यातून किती सूचना जातात? स्मशान-कब्रस्तानच्या जागेसाठी आपण जातो, ते गरजेचंच आहे. पण मेलेल्यांच्या जागेसाठी जेवढं धावतो, त्याच्या निम्मं तरी जिवंत लेकरांच्या जागेसाठी धावू या.

तिसरी, मागणी एकट्यानं करू नका. 'मुस्लिम वस्तीत बाग द्या' असा अर्ज गेला की तो लगेच राजकारणाचा होतो. 'वॉर्डात बाग द्या' असा अर्ज करा आणि त्यावर भीमनगरच्या, रेल्वे कॉलनीच्या, माळ्याच्या, मराठ्याच्या घरातल्या बायकांच्या सह्या घ्या. सह्या घेत फिरायला मुलींना पुढे करा. त्या निमित्तानं दहा घरांची ओळख होईल. बाग मिळायच्या आधीच बागेचं निम्मं काम झालेलं असेल.

चौथी गोष्ट जरा कडू आहे. जागा आपली म्हणायची तर ती सांभाळावीही लागते. पिकनिक झाल्यावर पत्रावळ्या आणि बाटल्या तिथेच टाकून येणारे सगळ्या समाजात आहेत. पण आपल्याकडे बोट लवकर दाखवलं जातं, हे आपल्याला माहीत आहे. त्याच्या भीतीनं नाही, तर रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणं हा आपल्या ईमानाचा भाग मानला गेलाय म्हणून कचरा उचला. आणि बागेत एखादी मुलगी एकटी बसलेली दिसली तर तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. तिच्या भावाला फोन करू नका. तिला बसू द्या.

मला नेहमी विचारतात, मुसलमान तरुणांनी मुख्य प्रवाहात कसं यायचं? मला तो शब्द कळत नाही. आपण कोणत्या तरी उपप्रवाहात आहोत, असं आधी कुणी ठरवलं? आपण कर भरतो, मराठी बोलतो, याच गावात जन्मतो आणि याच मातीत जातो. फक्त एवढं करायचं. जिथे सगळे बसतात तिथे जाऊन बसायचं. जागा नसेल तर सगळ्यांसाठी मागायची. मिळाली की कुणालाच 'तू कोण' असं विचारायचं नाही, आपल्या बहिणीलाही नाही.

अर्जाचा नमुना मी छापून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर आहे. जाताना एकेक घ्या. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा भेटू तेव्हा नगरपरिषदेचं उत्तर कुणाकुणाकडे आलंय, ते हात वर करून सांगायचं. मी मोजणार आहे.